ज्येष्ठेच्या मापाचं पोलकं

पोळा सरला की रायपुरातल्या बायका एकेक करून नाहीशा होऊ लागतात. कुणाचा भाऊ मोटरसायकल घेऊन येतो, कुणाचे वडील बसने येतात. दारात चहा होतो, पिशवी हँडलला अडकवली जाते आणि बाई तीजासाठी, म्हणजे हरतालिकेसाठी, माहेरी रवाना होते. भांडीवाली जाते, भाजीवाली जाते, समोरच्या घरातली सून जाते. गल्लीत बेसनाची ठेठरी तळल्याचा वास तेवढा मागे राहतो. नेमक्या याच दिवसांत आम्हा विदर्भातून इकडे आलेल्यांच्या घरी महालक्ष्म्या असतात. म्हणजे आमच्याकडे काम गळ्यापर्यंत येतं, तेव्हा शहरातले निम्मे हात माहेरी जाऊन आराम करत असतात. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. आता हेवा वाटतो, कारण मला न्यायला कुणी येत नाही.

परवा रामबती दीदीचा फोन आला. पुरानी बस्तीत तिचं शिवणकामाचं छोटं दुकान आहे आणि आमच्या घरातली पोलकी गेली वीस वर्षं तीच शिवते. "परसों भाई आही लेगे बर," ती म्हणाली, "कपड़ा आज भेज देहू, भाभी." भाऊ न्यायला येणार, त्याआधी कापड पाठवा. मी कपाटावरची पिशवी काढली. या पिशवीत दर वर्षी दोनच गोष्टी जातात. नवी कापडं, आणि मापाची जुनी पोलकी.

मापाचं पोलकं हा आपल्याकडचा मोठा सोयीचा प्रकार आहे. टेप नको, आकडा नको, परक्या माणसासमोर हात वर करून उभं राहणं नको. अंगात नीट बसणारं एक जुनं पोलकं कापडासोबत द्यायचं आणि सांगायचं, याच्यासारखं शिव. अंग बदलतं, पोलकं बदलत नाही, एवढीच त्यात एक गोम असते. ती आपण सोयीने विसरतो.

त्या दिवशी घरात तीन पिढ्यांचे कपडे एकाच वेळी बिघडले होते. माझी लेक रेवा सोळा वर्षांची आहे. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिने ऑनलाइन मागवलेला कुर्ता आला. ती खोलीत गेली, दार लावलं आणि पाच मिनिटांनी जुन्या टी-शर्टातच बाहेर आली. "मम्मी, वापस कर दो. एक्सएल भी नहीं आ रहा मेरे को." पार्सलची पिशवी टेबलावर टाकून ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. डोळे भरले होते, ते मला दिसू नयेत एवढी काळजी तिने घेतली. मला फार वाईट वाटलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीचा मिडियम तिला सैल झाला होता. मुलगी तीच, सकाळी पोहे खाऊन शाळेला जाणारी. कंपनी बदलली की ती दोन अक्षरं मोठी होते आणि त्या अक्षरांवर विश्वास ठेवून रडते.

आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्या बऱ्याच वाळल्या. पोलकं खांद्यावरून घसरतं, म्हणून बगलेत सेफ्टी पिन लावतात आणि पिन दिसू नये म्हणून पदर अंगभर घेतात. मी पिशवी भरत होते तेव्हा त्यांनी आपलं दहा वर्षांपूर्वीचं जांभळं पोलकं गुपचूप आत सरकवलं. मी म्हटलं, आई, नवं माप घेऊ या का. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कशाले? हे बरोबर होते मले."

हे वाक्य मी चांगलं ओळखते. शब्दन् शब्द माझा आहे. रेवा आठ महिन्यांची होती, त्या भाद्रपदात मी ते रोज म्हणत होते.

तेव्हा आम्ही ब्राह्मणपारात भाड्याने राहायचो. दोन खोल्या, पुढे गॅलरी, खाली सायकलींची आणि स्कूटरींची गर्दी. पाऊस उघडला की गॅलरीत लंगोटांची रांग लागायची. मी दिवसभर गाऊनमध्ये असायचे. बाळंतपणात वजन वाढलं ते तसंच राहिलं होतं आणि लग्नातली सगळी पोलकी बंद पेटीत होती. पेटी मी उघडत नव्हते. कुणी आलं की रेवाला छातीशी धरून उभी राहायचे, म्हणजे निम्मी मी झाकली जायची. येणाऱ्या बायका प्रेमाने म्हणायच्या, अंगानं भरली हो छान. ते "छान" मला खरं वाटायचं नाही.

सुट्टी संपत आली होती. महालक्ष्म्या उठल्या की दोन दिवसांनी मला ऑफिसात रुजू व्हायचं होतं. त्याआधी जेवणाच्या दिवशी चाळीस पानं वाढायची होती, घरची सून म्हणून, सगळ्यांच्या समोर. आईंनी रेवाच्या जन्माचा म्हणून मला कोसा, इकडची टसर रेशमाची साडी, दिला होता. रायपुरात राहून कोसा नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. गव्हाळ रंग, काठ मेंदीचा. मी ती साडी रोज रात्री उघडायचे, हात फिरवायचे आणि घडी घालून ठेवायचे. तिच्यावरचं पोलकं अंगात बसलं तरच मी लोकांसमोर जाणार, नाहीतर रेवाला ताप आहे म्हणून आत बसणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा हा माझा अगदी गंभीर बेत होता.

साधा उपाय होता. रामबतीकडे जायचं आणि माप द्यायचं. पण तिच्या गळ्यातल्या टेपची मला धास्ती वाटायची. ती माप घेताना आकडा मोठ्याने बोलायची आणि मशीनवरची मुलगी तो वहीत उतरवायची. दुकानात आणखी चार बायका बसलेल्या. म्हणून मी गेलेच नाही. लग्नाच्या वेळचं बत्तीस छातीचं मरून पोलकं पेटीतून काढलं आणि मापाला म्हणून पिशवीत घातलं. शिवून येईपर्यंत आपण बारीक होऊ, असा माझा हिशेब होता. पंधरा दिवसांत.

त्या वर्षी महालक्ष्म्यांनाही नवी पोलकी शिवायची होती. त्यांचं मापाचं जुनं हिरवं पोलकं आईंनी दिलं. कोशाच्या पोलक्याचं एक कापड माझं, खणाची दोन कापडं देवीची, मापाची दोन पोलकी. सगळं एका पिशवीत घालून मी ती नवऱ्याच्या हाती दिली. "एक भाभी का नाप है, एक महालक्ष्मी का," एवढं दुकानात सांगून तो ऑफिसला गेला. कोणतं कुणाचं, हे त्याने सांगितलं नाही. रामबतीने विचारलंही नाही.

पंधरा दिवसांनी पिशवी परत आली. त्याच दुपारी रामबतीचा भाऊ तिला धमतरीकडच्या गावी घेऊन गेला. मी दार लावून घेतलं. मरून पोलकं पुन्हा पेटीत टाकलं, श्वास धरला आणि कोशाचं नवं पोलकं अंगात घातलं. ते बसलं. हुक लागले, एकेक करून, खालपासून वरपर्यंत. मी श्वास सोडला, तरी हुक लागलेलेच राहिले. हात वर केले, खाली केले, वाकून बघितलं. बगलेत कुठे ओढ नाही, पाठीत चुणी नाही. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी अजून विसरले नाही. मी पुन्हा बत्तीस झाले होते. पंधरा दिवस दुपारचा भात सोडल्याचं फळ मिळालं होतं. मी तशीच कोसा नेसून आरशासमोर उभी राहिले, रेवाला उचलून आरशातली आई दाखवली, आणि संध्याकाळी दोन वाट्या शिरा खाल्ला. बत्तीस छातीच्या बाईला काय होतंय.

ज्यांच्याकडे महालक्ष्म्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या महालक्ष्म्या माणसाएवढ्या उभ्या असतात. खाली पत्र्याची कोठी, तिच्यावर कापूस भरून शिवलेलं कापडी धड आणि हात, वर पितळी मुखवटा. त्यांना पोलकं घालायचं, साडी नेसवायची, दागिने चढवायचे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. त्या येण्याच्या दिवशी साड्या नेसवण्याचं काम घरातल्या बायका करतात आणि पुरुषांनी फुलोऱ्याची, म्हणजे वर टांगायच्या तळणाची, दोरी बांधून बाहेर बसायचं असतं.

आईंनी ज्येष्ठेच्या धडाला खणाचं पोलकं घालायला घेतलं. बाह्या कशाबशा चढल्या. पुढच्या दोन बाजू मात्र एकमेकींना भेटेनात. मधे चांगलं वीतभर धड उघडं. कनिष्ठेचं तेच. आई म्हणाल्या, कापड आटलं की काय. मी मापाचं हिरवं पोलकं शोधायला पिशवी उपडी केली. आईंनी ते हिरवं घेतलं, नव्या खणाच्या पोलक्यावर ठेवलं. हिरवं मोठं निघालं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कोशाचं नवं पोलकं कौतुकाने खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवलं होतं. त्यांनी ते उचललं आणि हिरव्यावर ठेवलं. काठाला काठ, बाहीला बाही, तंतोतंत.

मला सगळं एकदम कळलं. रामबतीने पिशवीत दोन पोलकी बघितली, एक छोटं, एक मोठं. तिच्या माहितीतल्या देव्या मंडपातल्या मूर्तींसारख्या, सडपातळ बांध्याच्या. म्हणून छोटं ते देवीचं आणि मोठं ते भाभीचं, असं तिने सरळ समजून घेतलं. बत्तीस छातीचं ते मरून पोलकं माझं असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. मी बत्तीस झालेच नव्हते. मी ज्येष्ठेच्या मापाची होते.

मी तिथेच पाटावर बसले आणि रडू लागले. समोर उघडी महालक्ष्मी, मुहूर्त जवळ आलेला आणि शिंपीण धमतरीत. मी म्हटलं, आई, माझं पोलकं घालू देवीला, मी आत बसते. पण ते एकच होतं, देव्या दोन, आणि माझ्या अंगाला लागलेलं देवीला चालणार नव्हतं. आईंनी हात पुढे केला. त्यांनी कात्री मागितली. मला वाटलं, पोलक्याची शिवण उसवणार. पण त्यांनी ज्येष्ठेच्याच पाठीची शिवण उसवली आणि तिच्या धडात हात घालून कापूस काढायला लागल्या.

मूठमूठ कापूस निघत होता. जुना, पिवळा, मधेच एखादी साडीची चिंधी. तो कापूस काढत त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्या लग्न होऊन रायपुरात आल्या तेव्हा महालक्ष्म्या बारीक होत्या. माझा नवरा जन्मला त्या वर्षी नवी पोलकी शिवायची होती. शिंपी म्हणाला, माप आणा. देवीला काय दुकानात नेणार. मग त्यांनी स्वतःचं पोलकं मापाला दिलं, बाळंतपणानंतरचं. शिवून आलेलं पोलकं देवीच्या अंगात नुसतं लोंबायला लागलं. तेव्हा त्यांनी एक जुनी गादी फोडली आणि दोघींना कापूस भरला, पोलक्यात बसतील एवढा.

"तवापासून ह्या माझ्या मापाच्या आहेत," आई म्हणाल्या. "तू रडून काहून राहिली? माझ्या मापाची झाली, त्यात रडाचं काय आहे?"

मी नाक पुसत म्हटलं, मग आता देवीला बारीक कशाला करता.

"ती जेवते का? तू जेवते, पोरीले पाजते. कमी कराचं तर कापसाचं करू. तुयं काहून करू?"

मग मीही ज्येष्ठेच्या पाठीत हात घातला. दोघींनी मिळून दोन्ही देव्यांचं चांगलं घमेलंभर वजन उतरवलं. खणाची पोलकी बसली. साड्या नेसवल्या, मुखवटे चढवले. त्या वर्षी आलेल्या प्रत्येक बाईने विचारलं की यंदा महालक्ष्म्या सुकल्यासारख्या का दिसतात, आणि प्रत्येक वेळी आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या की नवी पद्धत आहे.

जेवणाच्या दिवशी मी कोसा नेसले. चाळीस पानांवर सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरणपोळी वाढली. वाकताना पाठ उघडी पडली नाही, वाढताना बगल फाटली नाही. नीट बसलेल्या पोलक्याची खूण हीच की दिवसभर त्याची आठवण येत नाही. संध्याकाळी दागिने काढताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एकदाही पोट आत घेतलेलं नाही. दोन दिवसांनी तेच पोलकं घालून मी ऑफिसात गेले.

रामबती माहेरून ठेठरी-खुरमीचा डबा घेऊन आली. झाला प्रकार ऐकून ती मशीनवर डोकं टेकून हसली. "देवी अतेक बड़े होथे, मैं का जानंव," ती म्हणाली. खरंच, देव्या एवढ्या मोठ्या असतात, हे तिला काय ठाऊक. मग उठून तिने टेप काढला आणि आधी खांदा मापला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खांदा चुकला की बाकी कितीही बरोबर असलं तरी कपडा अंगावर रडतो, असं तिचं म्हणणं. छाती मापताना टेपच्या आत स्वतःचं एक बोट ठेवलं. मी सवयीने श्वास धरला. तिने टेप सैल सोडला आणि वाट बघत उभी राहिली. मी श्वास सोडला, मगच तिने आकडा वाचला. अडतीस. मोठ्याने, चार बायकांसमोर. कुणी मान वर केली नाही. मशीनवरच्या मुलीने लिहून घेतलं आणि विचारलं, गळा केवढा. जाताना रामबतीने सांगितलं की आत शिवणीत दीड इंच कापड दाबून ठेवते. अंग वाढलं तर उसव, घटलं तर दाब. कापड फाडायचं नाही, जीवही जाळायचा नाही.

पुढच्या वर्षी देवींना त्यांचा कापूस परत मिळाला.

हे सगळं मी परवा रेवाला सांगितलं, कुर्त्याची पिशवी परत बांधता बांधता. ती हसली, मग म्हणाली, "तो मेरा भी नाप लो ना." मी तिला उभी केली, बोट आत ठेवून छाती, कंबर, नितंब मापले आणि कागदावर लिहिले. आता मागवताना अक्षर बघायचं नाही, त्या कंपनीचा इंचांचा तक्ता उघडायचा आणि हे तीन आकडे त्याच्यावर लावायचे. दोनच्या मधे पडलीस तर मोठा घे, बाजूने दाबून देऊ. तिने कागदाचा फोटो काढला. चेहरा बराच हलका झाला होता.

मग मी टेप घेऊन आईंसमोर जाऊन उभी राहिले. त्यांना कळलंच. त्यांनी पदर आणखी गुंडाळला. मी पदर बाजूला केला आणि बगलेतली सेफ्टी पिन काढली. त्या उठून उभ्या राहिल्या. टेप छातीभोवती घेतला तर त्यांनी श्वास भरून छाती फुगवली. मी पोट आत घ्यायचे, त्या अंग बाहेर काढत होत्या. मी बोट आत ठेवलं, टेप सैल सोडला आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी श्वास सोडला.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. बत्तीस. त्यांनी पदर पुन्हा अंगभर घेतला. मला राहवेना. मी म्हटलं, आई, तुमचं नवं पोलकं तर शिवूच, या वर्षी ज्येष्ठेचाही कापूस काढू या, पुन्हा तुमच्या मापाची करू.

"नको," त्या म्हणाल्या. "तिले तेवढीच राहू दे. मी तेवढी होती, हे घरात कोणाले तरी दिसू दे."

मी चिठ्ठीवर खांदा, छाती, कंबर, बाही लिहिली, वर "आई" असं नाव घातलं आणि चिठ्ठी त्यांच्या नव्या कापडाला टाचली. जांभळं पोलकं काढून ठेवलं. पिशवी उचलून दारापर्यंत गेले, तेवढ्यात मागून त्यांनी हाक मारली.

"शुभा, रामबतीले सांगजो. आतून दीड इंच दाबून ठेव म्हणा. आता जेवाले लागली मी, अंग भरते माझं."

चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. मी ती उलटी केली आणि मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, मार्जिन दोन इंच.